ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं

माझा साडू त्या रात्री डबा आणायला म्हणून घराबाहेर पडला. जेवणाचा डबा. कामावर विसरला होता. बायकोला म्हणाला, "सकाळपर्यंत राहिला तर वास मारेल, पटकन घेऊन येतो." मार्च संपत आलेला. मंगळवार. रात्रीचे साडेदहा. झाडाचं पान हलत नव्हतं इतकी हवा बंद.

आता यात भिण्यासारखं काय आहे? काही नाही. माणूस डबा आणायला जातोच.

तू दात काढू नकोस रे. तुझ्यासाठीच सांगतोय. उद्यापासून लिफ्टच्या कामाला लागणार ना तू? आज त्यांनी तुम्हाला दिवसभर बसवून शिकवलं, खड्ड्यात उतरायच्या आधी स्विचला कुलूप लावा, पाटी लावा. आणि तू घरी येऊन त्या साहेबाची नक्कल करून दाखवलीस. सगळे हसले. मी हसलो नाही. मला राग आला की ताट भिरकावतो मी, तुला माहीत आहे. आज नाही भिरकावलं. म्हटलं, लाईट गेलीच आहे, बसवावं कार्ट्याला समोर आणि सांगावं. बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐका, नाहीतर जा झोपायला. आणि तो मोबाईल उलटा ठेव. उजेड डोळ्यात जातो माझ्या.

तुझ्या काकूची धाकटी बहीण, तिचा नवरा तो माझा साडू. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं तुम्हाला तो वाईट वाटेल. मला पण वाटला होता. कानाखाली जाळ काढला होता मी त्याच्या, इथं, याच ओट्यावर. पण माणूस वाईट नाही.

मनोरंजन पार्कात कामाला होता. पाळणे, घसरगुंड्या, धडकगाड्या, सगळं विजेवर चालणारं. त्यात ती मोठी होडी असते बघा, माणसं बसवून पुढं-मागं झोके घेते, वर गेली की पोरी किंचाळतात, ती. ती होडी चालवायचा साडू. लांबून वाटतं, वरच्या दांड्यामुळं हलते. तसं नाही. होडीच्या बुडाखाली खड्डा असतो. खड्ड्यात मोटर, आणि मोटरीला ट्रकसारखं रबरी चाक. ते चाक बुडाला घासतं आणि होडी ढकलली जाते. चाक झिजलं की बदलायचं. बदलायचं म्हणजे माणसानं खड्ड्यात उताणं पडायचं. नाकाच्या वर वीतभर होडीचं बूड.

आणि केबिनमधून खड्डा दिसत नाही. हे लक्षात ठेव.

"मग कुणी खाली आहे हे कळायचं कसं?" 

शहाणा. हाच प्रश्न. म्हणून कुलूप. मेन स्विचची दांडी खाली ओढायची आणि तिच्यात आपलं कुलूप घालायचं. चावी आपल्या अंगावर. वर आलं की आपलं आपण काढायचं. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग मॅनेजर असो की मॅनेजरचा बाप.

होडीचं काम बघायचा तो एक फिटर होता. नाव घेत नाही मी त्याचं रात्रीचं, फिटरच म्हणू. साडूचा जोडीदार. एका बाकावर जेवायचे, एकमेकाच्या डब्यातलं ओढून खायचे. फिटरला एक सवय होती. खड्ड्यात उतरला की पान्यानं होडीच्या बुडाला एक ठोका द्यायचा. म्हणजे, आत आहे. काम झालं, वर यायला निघाला, की दोन ठोके. ठक ठक. म्हणजे, बाहेर आलो. साडू केबिनमधून ओरडायचा, "आला का रे उंदीर बिळातनं?" रोजचा खेळ.

फिटरची पोरगी असेल पाच-सहा वर्षांची. तिनं एकदा बापाच्या कुलपावर नखपॉलिशनं गुलाबी फूल काढलं. फूल कसलं, पाच ठिपके. फिटरनं पुसलं नाही. सगळे चिडवायचे त्याला, "काय हो, लग्नाला निघालं का कुलूप?" तो चावी गोफात घालून गळ्यात बांधायचा. आंघोळीलासुद्धा काढायचा नाही, असं त्याची बायको सांगायची.

पण कुलपांची एक गंमत होती. स्टोअरवाल्यानं सगळी एकाच दुकानातून एका खोक्यात आणलेली, स्वस्तातली. एकाची चावी दुसऱ्याला लागायची. एकदा साडूची चावी घरी राहिली, त्यानं दुसऱ्याची घालून बघितली, उघडलं. दुपारी जेवताना सगळ्यांनी करून बघितलं. दहाही कुलपं कुठल्याही चावीनं उघडायची. पोट धरून हसले लेकाचे. फिटर पण हसला. साडूला म्हणाला, "तुझी चावी माझ्या कुलपाला लागते, लागू दे. तू लावू नकोस म्हणजे झालं."

आणि लावली.

वर्ष झालं होतं त्याला. संध्याकाळ होती, पार्क रिकामा झालेला. फिटर चाक बदलत होता. मधेच वर आला, बोल्ट आणायला स्टोअरकडं गेला. साडूनं त्याला जाताना बघितलं. हातात पिशवी होती. साडूला वाटलं, गेला घरी. कुलूप तसंच लटकत होतं. फिटर विसरायचा कधी कधी, महिन्यात एखादेवेळी तसाच घरी जायचा, मग दुसऱ्या दिवशी शिव्या खायचा. मॅनेजरचा फोन आला, "उद्या शाळेची सहल आहे, होडीची रिकामी फेरी मारून बघ आणि मग जा." साडूनं स्टोअरकडं तोंड करून एक हाक मारली, "आहेस का रे?" उत्तर नाही आलं.

खड्ड्याकडं गेला नाही. चार पावलांवर खड्डा. चार पावलं. वाकून बघायचं फक्त.

खिशातली स्वतःची चावी काढली. फिटरच्या कुलपाला लावली. उघडलं.

पुढचं सांगत नाही. होडी लोखंडाची असते, माणूस हाडामासाचा.

आवाज ऐकून वॉचमन पळत येतोय, हे दिसलं साडूला. हातात फुलाचं कुलूप. तो म्हणतो, मी विचार केलाच नाही, हातानं आपोआप केलं. कुलूप खिशात गेलं. आणि लोक जमल्यावर तोंडानं आपोआप बोलला, "कुलूपच नव्हतं हो. कुलूप असतं तर मी चालू केली असती का?"

झालं. सगळ्यांनी मान डोलावली. चौकशीला साहेब आले, त्यांनी विचारलं, यानं तेच सांगितलं. मेलेला माणूस काय उलटून बोलणार आहे? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणतात ना, ते असं. फिटरची स्वतःची चूक, कुलूप न लावता उतरला, असं ठरलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण पार्कवाल्यांनी गेटवर पाटी लावली. कुलूप न लावता खड्ड्यात उतरलेल्या फिटरचं काय झालं ते आठवा, असं काहीतरी. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीच गोष्ट सांगायचे. त्या फिटरसारखं करू नका. आणि दया दाखवायची म्हणून फिटरच्या बायकोला तिथंच झाडू मारायला ठेवलं. ती बाई रोज सकाळी त्या पाटीखालून आत जायची. पोरीला शाळेत म्हणायचे, तुझ्या बापाला कुलूप लावता येत नव्हतं.

आणि ती बाई साडूला विचारायची. भांडून नाही. डोळ्यात बघून. "भाऊजी, तुम्ही होतात ना तिथं. चावी गळ्यात होती त्यांच्या. मीच काढून घेतली अंगावरून. चावी गळ्यात घेऊन गेलेला माणूस कुलूप घरी कशाला ठेवेल? घरी नाही, स्टोअरमध्ये नाही. मग कुलूप गेलं कुठं?"

साडू म्हणायचा, "काय माहीत, वहिनी."

ती चावी तिनं स्वतःच्या गळ्यात घातली होती.

साडूनं होडी सोडली. अंगात बरं नाही म्हणून धडकगाड्यांवर बदली मागून घेतली. त्याचं जेवण तुटलं. कुठं कुलपाचा खटका वाजला की हातातला घास खाली. तुझी मावशी, म्हणजे साडूची बायको, म्हणायची, यांना कुणी काही केलंय का. मी म्हटलं, काही केलं नाही, कामचुकार झालाय. मला काय माहीत, कुलूप त्याच्या घरात माळ्यावर, पांघरुणाच्या घड्यांत आहे.

त्या मंगळवारी मावशीनं माळा आवरायला काढला. कुलूप सापडलं. "अहो, हे कुणाचं? फूल काढलंय बघा, किती छान. मी माझ्या पेटीला लावते." 

साडूनं कुलूप तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, "ते कामावरचं आहे, परत करायचंय." आणि मग त्याला एकदम डबा आठवला. डबा खराच विसरला होता. पण डबा हे निमित्त. खिशात कुलूप होतं.

कुठंही टाकता आलं असतं. गटारात, उकिरड्यावर. पण चोराच्या मनात चांदणं. इथं टाकलं तर पोरं उचलतील, तिथं टाकलं तर कुत्रं उकरेल. पार्कात पाण्याच्या घसरगुंडीचं टाकं होतं, खोल, हिरवं, वर्षानुवर्षं न उपसलेलं. तिथं गेलेलं काही वर येत नाही. मंगळवारी पार्क लोकांसाठी बंद, कामगार दिवसा दुरुस्ती करून घरी. माणूस नाही काणूस नाही.

वॉचमननं गेट उघडलं. "एवढ्या रात्री?"

"डबा राहिला."

"बायको मारते वाटतं डब्यासाठी," असं म्हणून तो हसला आणि खुर्चीत परत पेंगायला लागला.

साडूनं डबा घेतला. टाक्यापाशी गेला. कुलूप काढलं. बघितलं नाही त्याच्याकडं. टाकलं.

डुबुक.

तो म्हणतो, इतकं हलकं वाटलं मला. वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. भूक लागली चक्क. डबा हलवत परत निघाला. वाटेत होडी. रोज तो लांबून वळसा घालून जायचा. त्या रात्री म्हटलं, आता कशाला वळसा.

होडी अंधारात उभी. मोठी. गप्प.

ठक.

एकच.

साडू थांबला. दिवसभर तापलेलं लोखंड रात्री गार होताना वाजतं. वाजतं की नाही? वाजतं. आपला पत्रा नाही वाजत? तो पण तेच म्हणाला मनाशी.

मग त्याला दिसलं, खड्ड्यात उजेड आहे.

नवा फिटर असेल, त्याला वाटलं. हाक मारली. उत्तर नाही. एकदा न बघितल्याचं फळ वर्षभर खात होता, म्हणून या वेळी बघायला गेला. वाकला. खड्ड्यात कुणी नाही. चाकापाशी एक बॅटरी पेटलेली पडलेली. दिवसा नव्या फिटरनं काम केलं असेल, विसरला असेल. राहिली तर सकाळी चिरडेल. काढून ठेवावी.

शिडी धरून खाली उतरला.

कुलूप? हां, विचार. विचार ना. स्वतःचं कुलूप धडकगाड्यांच्या शेडमध्ये खिळ्याला. दुसरं आत्ताच पाण्यात टाकलेलं. बॅटरी उचलायला किती वेळ लागतो? एक मिनिट. एका मिनिटासाठी कोण कुलूप लावतं? सगळे हेच म्हणतात. तू पण म्हणशील, पहिल्या आठवड्यातच.

बॅटरी उचलायला आडवं व्हावं लागलं. बुडाखाली सरकत गेला. हात पोचला.

बॅटरी विझली.

अंधार. असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळेना. मागं सरकायला गेला. शर्ट कशात तरी अडकला. ओढला. सुटेना.

आणि वर पावलं वाजली.

नवा ऑपरेटर होता. त्यालाही मॅनेजरचा फोन. उद्या सहल आहे, रात्रीच रिकामी फेरी मारून बघ. मागच्या गेटनं आला होता. कानात ती गाण्याची बोंडकं.

साडूनं तिथं वर्षं काढलेली. खड्ड्यात पडून त्याला सगळं ऐकू येत होतं. केबिनचं दार. स्टूल ओढल्याचा आवाज. आता मेनची दांडी. मग गाणं लागतं. मग होडी हलते.

ओरडायला तोंड उघडलं.  हवाच बाहेर येईना.

आणि मग...

त्याच्या शेजारी कुणीतरी श्वास घेतला.

थांब. मधे बोलू नको.

शेजारी. उजव्या बाजूला. उताणं पडल्यावर खांदा जिथं येतो, तिथं. ग्रीसचा वास. ओळखीचा. साडूनं मान वळवली नाही. वळवता आली नाही. तो म्हणतो, मला माहीत होतं. न बघता माहीत होतं. खांद्याला खांदा लागला होता. गार.

 

दोघं तसेच पडलेले. वर होडीचं बूड. वीतभर.

साडूनं मनात म्हटलं, घे. मी तुझं काढलं, तू माझा जीव घे. फिटलं.

वर दांडी हलली. 

खट.

साडूनं डोळे मिटले.

खट. खट. खट खट खट.

दांडी वर जात नव्हती.

"च्यायला," वरनं आवाज आला, "हे कुणाचं कुलूप?"

चावी फिरवल्याचा आवाज. परत. परत. मग ऑपरेटरनं कानातलं काढलं असणार, कारण ओरडला, "खाली आहे का कुणी?"

साडूच्या तोंडातून तेव्हा आवाज निघाला. कसला, तो नाही सांगू शकत. ऑपरेटर धावत आला, मोबाईलचा उजेड टाकला, हात देऊन बाहेर काढला. शर्ट सहज सुटला. खड्ड्यात दुसरं कुणी नव्हतं. 

"बरं झालं बाबा कुलूप लावून उतरलास," पोरगा घाम पुसत म्हणाला. "मी वाकून बघितलं नसतं खरं सांगू का. पण कसलं कुलूप आहे तुझं? माझी चावी लागत नाही. सगळ्यांची सगळ्यांना लागते ना?"

साडू स्विचपाशी गेला.

दांडीला कुलूप लटकत होतं. वरनं पाणी ठिबकत होतं. हिरवं शेवाळ लागलेलं. आणि शेवाळाखाली पाच गुलाबी ठिपके.

...

काय झालं? हसत होतास ना मघाशी?

पाणी दे मला. काकूला उठवू नको, माठातलं आण.

तर. वॉचमन आला, त्याची चावी घातली. लागली नाही. साडूनं आपली घातली. तीच, जिनं वर्षापूर्वी उघडलं होतं. फिरली नाही. दगडात घातल्यासारखी. रात्रभर साडू तिथंच बसून राहिला, कुलपाकडं बघत. घरी गेला नाही. तुझ्या मावशीनं मला फोन करून करून उठवलं, मी पहाटे मोटरसायकलवर गेलो. म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हे ऐकीव नाही.

सकाळी मॅनेजर आला. कामगार जमलेले. सहलीच्या गाड्या यायची वेळ झालेली. मॅनेजर म्हणाला, "लागत नाही ना चावी, मग कापा. कटर आणा."

साडू स्विचला पाठ लावून उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाला ग्रीस. म्हणाला, "कापायचं नाही. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं."

"मग बोलाव त्याला."

"तो येणार नाही," साडू म्हणाला. "चावी आली आहे, ती बोलावतो."

मला वाटलं, वेड लागलं याला. तो गेटपर्यंत गेला. फिटरची बायको पाटीखाली झाडू मारत होती. तिच्यापुढं उभा राहिला, मान खाली. काय बोलला ते ऐकू आलं नाही. झाडू हातात तसाच घेऊन ती त्याच्या मागं आली. लोकांनी वाट दिली.

तिनं कुलूप बघितलं. हात नाही लावला लगेच. बोटानं लांबूनच ठिपके मोजल्यासारखं केलं.

"हे कुठं होतं, भाऊजी?"

"माझ्या घरी. माळ्यावर."

साडूनं स्विचकडं बोट केलं.

"स्विचला होतं, वहिनी. त्यानं लावलं होतं. मी काढलं. माझ्या चावीनं. आणि लपवलं."

 साडू थांबला असता तरी चाललं असतं. पण तो थांबला नाही. वर्षभर दाबलेलं बाहेर येत होतं. "आणि त्यानं एक ठोका दिला होता. बोल्ट घेऊन आला, परत उतरला, तेव्हा. मी ऐकला होता, वहिनी. ऐकला होता. मनाला म्हटलं, लोखंड वाजलं. घरी जायची घाई होती. त्यानंतर दोन ठोके नव्हते झाले. मला माहीत होतं, दोन नव्हते झाले."

मी तिथं उभा होतो. मला रागानं काही दिसेना. इथं ओट्यावर नंतर मारलं त्याला, तिथं नाही मारलं, कारण ती बाई शांत होती. ती शांत आणि मी हात उचलू?

ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ते विसरले नव्हते."

"नाही, वहिनी."

"पोरीला मी हे कुणाच्या तोंडून सांगू?"

"माझ्या," साडू म्हणाला. "मी येतो. आधी पोरीला सांगतो, मग साहेबांना. जे होईल ते होऊ दे."

तिनं गळ्यातला गोफ काढला. चावी लावली. चावी लोण्यातनं सुरी जावी तशी फिरली. खटका वाजला. कुलूप उघडलं. तिनं ते दांडीतून काढलं, पदराला पुसलं.

आणि होडीच्या बुडाखालून...

ठक ठक.

दोन.

सगळ्यांनी ऐकलं. मॅनेजरनं पण. त्याचा चेहरा असा झाला, राखेसारखा. ऑपरेटर पोरगा दोन पावलं मागं सरला. कुणी कुणाकडं बघितलं नाही. साडू तिथंच खाली बसला. फिटरच्या बायकोनं कुलूप छातीशी धरलं आणि अगदी हळू, घरात कुणी बाहेरून आल्यावर म्हणतात तसं म्हणाली, "आलात."

दोन कामगार आपलं कुलूप लावून उतरले, खड्डा बघून आले. रिकामा.

पाटी त्याच दिवशी निघाली. साडूनं पोरीला सांगितलं, साहेबांना सांगितलं, त्याला जी शिक्षा व्हायची ती झाली, भोगून आला. आता सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो. फिटरच्या घरी जातो महिन्यातून एकदा. पोरगी दार उघडते. बोलत नाही, पण उघडते. त्याला तेवढं पुरतं.

"आणि ती होडी, काका?"

चालू आहे. माणसं बसतात, किंचाळतात. पण तिच्या बुडाला दोन ठिकाणी रंग टिकत नाही. नाण्याएवढे दोन डाग, शेजारी शेजारी. रंग मारला की सकाळी उडालेला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा रंगारी म्हणाला, मी काय परत येत नाही.

मी गेलो होतो बघायला. मला कुणी सांगितलेलं पटत नाही, मी उतरलो खड्ड्यात. स्विचला कुलूप लावून उतरलो, चावी मुठीत. उताणा पडलो. डाग होते. खालचं लोखंड उघडं, चकचकीत. दोन दिवस होडी बंद होती, सकाळची वेळ, आजूबाजूचं सगळं लोखंड गार पडलेलं.

बोट लावून बघितलं मी त्या दोन डागांना.

गरम होते. आत्ताच कुणीतरी पान्यानं ठोकल्यासारखे.